पान संपेपर्यंत

१

रोज सकाळी दहाला मिझुहो नागाई फ्रिजची पिन काढायची, भिंतीवरचं घड्याळ उतरवून न्हाणीघरात टॉवेलात गुंडाळून ठेवायची आणि कपाटात जाऊन बसायची.

कपाट म्हणजे बिछाने ठेवायचं, भिंतीच्या पोटात शिरलेलं, जाड कागदाच्या सरकत्या दाराचं. खालच्या कप्प्यात तिनं तिन्ही बाजूंना रजया टांगल्या होत्या. मधे मायक्रोफोन, रेकॉर्डर, बॅटरीचा दिवा आणि पुस्तक. मांडी घालून बसलं की डोक्यावर चार बोटं जागा उरायची. दार ओढून घेतलं की बाहेरचं जग कापसात बुडायचं. तिथं बसून ती अंधांसाठी पुस्तकं वाचायची. टोकियोतली जाहिरात कंपनी सोडून ती या डोंगरातल्या गावात आली होती. खोटं पुष्कळ बोलून झालं, आता खरं ते कुणाच्या तरी कानावर घालायचं, एवढाच तिचा हट्ट होता.

अंधांच्या ग्रंथालयाचे नियम तिथं ध्वनिमुद्रण तपासणाऱ्या मुरोईबाईंनी तिच्याकडून घोकून घेतले होते. आवाज सपाट ठेवायचा. रडू, राग, कीव काही मिसळायचं नाही, कारण वाचणारा म्हणजे फक्त डोळे. परिच्छेद अर्ध्यावर सोडून उठायचं नाही, सांधा ऐकू येतो. शेवटी पुस्तकाचं नाव, वाचणाऱ्याचं नाव आणि पंधरा सेकंद शांतता. आणि मायक्रोफोनसमोर बसण्याआधी पुस्तक तीनदा वाचायचं.

हा शेवटचा नियम मिझुहोनं या वेळी मोडला होता. हे पुस्तक ऐकायला मागणाऱ्या आजारी ओकितांकडे तेवढे दिवस नव्हते.

त्या दिवशी टपालानं तपासणीचा कागद परत आला. मुरोईबाईंचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. ‘पान १ ते ४० : स्वच्छ. पान ४१ पासून : घरघर. शिवाय पान उलटताना धातूचा बारीक आवाज, ब्रेसलेट असावं. पुन्हा वाचावे.’

तिनं तिथल्या तिथं फोन लावला.

“मी ब्रेसलेट घालत नाही, मुरोई-सान.”

“मग स्वेटरची चेन असेल.”

“जुलैत स्वेटर?”

“आजकालच्या मुली कधी काय घालतात, मला काय ठाऊक. आवाज आहे. आणि फ्रिज बंद केला होतास?”

“फ्रिज, पंखा, सगळं. घामानं निथळते मी आत.”

“मग पाठवण्याआधी ऐकत का नाहीस? तुम्हा पोरांना कान नसतात, नुसते इयरफोन असतात.”

“ओकिता-सानना डॉक्टरांनी महिनाअखेर सांगितलीय.”

“म्हणूनच म्हणते.” बाईंचा आवाज जरा खाली आला. “शेवटचं पुस्तक त्यांनी घरघरीतून ऐकायचं का?”

२

ओकिता एकोणऐंशी वर्षांचे. तिशीतच डोळे गेले, मग जन्मभर लोकांच्या पाठीत उपचाराच्या सुया टोचून त्यांनी पोट भरलं. आता फुफ्फुसं संपत आली होती. पुस्तक त्यांच्याच घरातलं होतं : सत्तर वर्षांपूर्वी गावातली कापडगिरणी जळाली, त्यातून वाचलेल्यांच्या जबान्या. दोनशे बारा पानं.

“माझी थोरली बहीण सेत्सु तिथं मुलींवर देखरेख करायची,” पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं. “त्या सकाळी मैदानात युनियनची सभा होती. दुपारपाळीच्या मुलींनी तिकडं जाऊ नये म्हणून त्यांना खोलीत कोंडलं होतं. मला एकच गोष्ट कळायला हवी, नागाई-सान. किल्ली ताईजवळ होती की वर साहेबाकडे.”

“शेवटचं प्रकरण बघून आत्ता सांगते की.”

“तसं नको. पहिल्या पानापासून, सगळ्यांच्या तोंडून ऐकायचंय. चाळीस वर्षं पुस्तक फळीवर आहे. गावातल्या कुणाला वाच म्हणायचं धाडस झालं नाही. तुम्ही बाहेरच्या.”

मिझुहोला ते मनापासून पटलं होतं. शेवटचं प्रकरण तिनंही उघडलं नव्हतं. आधी कळलं तर आवाजात उतरेल, ही भीती.

आणि आता ही घरघर. ती गाळायची सोय संगणकात असते, ती एवढंच विचारते : पन्नास की साठ? देशाच्या पूर्वेकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा थरथरते, पश्चिमेकडची साठ. ओसाकाहून टोकियोला बिऱ्हाड हलवलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. हे गाव पूर्वेचं. मिझुहोनं पन्नास निवडलं. घरघर जशीच्या तशी. तिनं आवाजाचा आलेख उघडला. रेघ साठवर उभी होती, तिच्यावर एकशेवीसला दुसरी.

विजेच्या सामानाचं दुकान चालवणारे नेगिशी दुसऱ्या दिवशी छोटी गाडी घेऊन आले.

“साठ?” ते हसले. “पोरी, तुझं मशिन ओसाकात शिकलेलं दिसतंय.”

“मशिन बरोबर आहे, काका.”

“सगळे असंच म्हणतात. बायकोसुद्धा वजनकाट्याबद्दल उलटं म्हणते.” त्यांनी भिंतीतल्या वीजजोडात मीटर खोचलं. “हे बघ. पन्नास. टाचणीला टाचणी.”

“मग मेन स्विच पाडा.”

त्यांनी पाडला. घरातली वीज गेली. बॅटरीवरचा रेकॉर्डर घेऊन मिझुहोनं कपाटात एक पान वाचलं आणि दोघांनी एकेक इयरफोन कानात घालून ते ऐकलं. तिच्या आवाजाखाली घरघर होती. साठ.

नेगिशींनी इयरफोन काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले.

“शेजारून येत असेल,” मिझुहो म्हणाली.

“शेजारी पन्नास. सगळं खोरं पन्नास.” मग मीटर पेटीत ठेवत, “साठवर इथं एकच जागा चालायची. गिरणी. स्वतःचं पाण्यावरचं चाक, यंत्र अमेरिकेचं. माझे वडील तारा ओढायला होते तिथं. जळाली त्या दिवशी चाक थांबलं ते थांबलंच.”

“कुठं होती गिरणी?”

“कुठं म्हणजे? ही सगळी घरं तिच्याच जागेवर आहेत.”

त्यांनी हत्यारांच्या पेटीतून एक जुनी रबरी चकती काढून दिली. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं. ती रेकॉर्डरला जोडली की भिंतीतली तार कुठून जाते ते कानाला कळतं. चहा गाळून तयार होता. तो न घेता ते निघाले. या गावात असं कुणी करत नाही.

३

इस्पितळात तिनं ओकितांना ते पान ऐकवलं. माफी मागायला म्हणून गेली होती. त्यांनी मान कलती केली, पुन्हा लावायला सांगितलं, आणि तिसऱ्यांदाही.

“हे एक यंत्र नाही,” ते म्हणाले. “पुष्कळ आहेत. एकाच सुरात, पण एका जागेवरून नाही. अंधशाळेत आम्ही रात्री एका खोलीत निजायचो, तेव्हा असं लागायचं कानाला.”

“विजेची घरघर आहे ती, ओकिता-सान.”

“असेल. विजेतलं मला कळत नाही.” ते खोकले, बराच वेळ. “ती किणकिण मात्र वेगळी. घरघर दूरची आहे, दाराबाहेरची. किणकिण तुमच्या बाजूची.”

मिझुहोनं स्वतःची मनगटं पाहिली. उघडी होती. दप्तराची चेन प्लॅस्टिकची होती. घराला आतून कडी होती, बाहेरून आकड्यांचं कुलूप. किल्ली अशी तिच्याकडे कुठलीच नव्हती. तिनं हे सगळं क्रमानं तपासलं आणि सगळं क्रमानं तपासल्याचं तिला बरं वाटलं.

४

एवढं कळलं होतं : वाचायला सुरुवात केली की दोन-तीन मिनिटांत घरघर यायची, आणि वाचणं थांबलं की लगेच जायची नाही. थोडा वेळ राहायची, मग विरायची. वाट पाहून कंटाळल्यासारखी, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ते झटकलं.

त्या थोड्या वेळात शोधायचं होतं. तिनं मेन स्विच पाडला, कपाटात एक पान वाचलं, दार सरकवून बाहेर आली आणि चकती हातात, इयरफोन कानात, अशी गुडघ्यांवर खोलीभर फिरली. भिंती मुक्या होत्या. छत मुकं होतं. चकती जमिनीकडे नेली तशी घरघर चढली. एका जागी कमाल, हातभर पुढं शांत, मग पुन्हा कमाल. जिथं कमाल तिथं तिनं जमिनीवरच्या तातामी चटईवर निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. घरघर विरली की पुन्हा कपाटात, पुन्हा एक पान, पुन्हा बाहेर. दोन तास गेले. बाराला गावाच्या भोंग्यावर रोजची धून वाजली तेव्हा तिनं पाठ सरळ केली आणि उभं राहून खाली पाहिलं.

बारा तुकडे. दोन समांतर ओळी, एकीत सात, दुसरीत पाच. दोन तुकड्यांमधलं अंतर माणसाच्या खांद्यांच्या रुंदीएवढं.

पान त्र्याहत्तरवर तिनंच वाचलं होतं : ‘आठ चटयांची खोली, चौदाजणी. कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून.’

तिनं खोलीतल्या चटया मोजल्या. आठ होत्या. पण तुकडे बाराच होते, आणि या गोष्टीला तिनं घट्ट धरून ठेवलं. चौदा असते तर काही म्हणता आलं असतं. बारा म्हणजे योगायोग. जमिनीखाली जुनी लोखंडी चौकट असेल, सळ्या सारख्या अंतरावर असतील. दुसऱ्या ओळीत खिडकीकडच्या दोन जागा रिकाम्या आहेत, तिथं सळ्या गंजल्या असतील. तिनं ते वहीत लिहिलं. लिहिल्यावर ते खरं वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी तुकडे जागच्या जागी होते. त्यांच्यावर चकती धरली तर काहीच ऐकू आलं नाही.

घरघर पुढं सरकली होती. ओळी मोडल्या होत्या. तिनं पिवळी पट्टी घेतली. पिवळे तुकडे खोलीच्या अर्ध्या भागात आले, एकमेकांना खेटून, कपाटाच्या बाजूला. आणि निळ्यांच्या वेळी चकती जमिनीला टेकवावी लागत होती, आता ती गुडघ्याएवढ्या उंचीवरच गरजत होती.

बसलेत, तिला वाटलं. काल झोपलेले होते, आज बसलेत.

जमिनीतला ओलावा, तिनं वहीत लिहिलं. काल पाऊस झाला. अक्षर मुरोईबाईंसारखं बारीक आलं.

दुपारी मुरोईबाईंचा फोन आला. “इस्पितळातून निरोप आहे. परवापर्यंत धरून चाला म्हणाले.”

“घरघर अजून गेली नाही.”

“माझ्याकडे ये वाचायला. माझं घर स्वच्छ आहे.”

“तुमच्याकडे मागं रेल्वे आहे, मुरोई-सान. दर वीस मिनिटांनी थांबावं लागेल. शेवटची चौदा पानं राहिलीत. उद्या सकाळी इथंच संपवते.”

“असंच पाठवशील? घरघरीसकट?”

“हो. तुम्ही नापास करा. त्यांच्या कानावर पडू दे.”

पलीकडे बाईंनी कागद बाजूला सारल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, “सपाट वाच. काही झालं तरी. त्यांना तेवढाच आधार.”

६

सकाळी दहाला तिनं फ्रिजची पिन काढली, घड्याळ टॉवेलात गुंडाळलं. चकती घेतली नाही. कपाटात बसून दार ओढलं, इयरफोन घातले आणि वाचायला लागली.

घरघर लगेच आली. दोन मिनिटंही गेली नाहीत. इयरफोनमधून आली, मग इयरफोनशिवायही येतेय असं वाटलं, पाठीतून, जबड्यातून. तिनं आवाज सपाट ठेवला. पान एकशे नव्व्याण्णव. दोनशे. शेवटची जबानी खिडकी फोडून वाचलेल्या मुलीची होती.

‘सेत्सुताई आम्हाला रोज दाराबाहेर बसून वाचून दाखवायची. पाळीनं थकलेल्या आम्ही, डोळे उघडत नसत. दाराला पाठ लावून ती वाचायची, आत आम्ही दाराशी गोळा होऊन ऐकायचो. त्या दिवशीही वाचत होती. अकराच्या सुमारास धूर आला. आम्ही ओरडलो. ती म्हणाली, वर माणूस पाठवलाय, तोवर वाचते, ऐका. आणि वाचू लागली.’

तिनं पान उलटलं. बारीक किणकिणलं. या वेळी ते इयरफोनमध्ये नव्हतं. डाव्या मांडीशेजारी होतं.

वाचताना नजर ओळीवरून हलवता येत नाही. पण दिव्याच्या उजेडाच्या काठावर, रजईच्या सावलीत, निळ्या सुती कापडाचा एक गुडघा होता. ठिगळ लावलेला. तिच्यासारखीच घातलेली मांडी. मिझुहोनं पुढची ओळ वाचली.

‘तिच्या आवाजात काही नव्हतं. भीती नाही, घाई नाही. अगदी रोजच्यासारखा. त्यामुळं आम्हाला वाटलं, भ्यायचं कारण नाही. हिसा म्हणाली खिडकी फोडू, तर बाकीच्या म्हणाल्या, थांब, ताई वाचतेय. शेवटी मी आणि हिसाच खिडकीकडे परतलो. बाराजणी दाराशी बसून राहिल्या.’

कागदाचं दार आत फुगलं. वाऱ्यानं फुगतं तसं नाही. सगळ्या रुंदीवर, खांद्याएवढ्या उंचीपर्यंत, हळूहळू आणि परत न जाता. लाकडी चौकट कुरकुरली. घरघर आता घरघर नव्हती. तीत तोंडं होती.

मिझुहो थबकली. एक श्वास.

हात लांब केला असता तर दाराची खाच बोटभर अंतरावर होती. तिनं खाली पाहिलं. शेवटचा परिच्छेद. चार ओळी. त्यातच ते होतं; किल्ली हा शब्द तिला दिसत होता. आता थांबलं तर सांधा पडेल, पुन्हा सुरुवातीपासून, आणि उद्यापर्यंत… चारच ओळी.

तिनं वाचलं. सपाट.

‘लोक विचारतात, किल्ली कुठं होती. ती वाचायची आणि पान उलटलं की तिच्या कमरेची किल्ली वाजायची. रोज वाजायची. त्या दिवशीही वाजत होती. मी शेवटपर्यंत ऐकली.’

पहिल्या ओळीला घरघर एका पायरीनं उतरली. मग आणखी एका. मोजायचं नव्हतं, मोजलं गेलं. बाराव्या पायरीनंतर इयरफोनमध्ये तिच्या आवाजाशिवाय काही राहिलं नाही, आणि दार परत सपाट झालं.

पुस्तकाचं नाव. वाचन, मिझुहो नागाई. पंधरा सेकंद शांतता. तिनं ती पुरती पाळली.

मग दार सरकवलं. खोली रिकामी होती. ऊन पडलं होतं. निळे तुकडे होते, पिवळे तुकडे होते. दाराच्या बाहेरच्या बाजूला, खाली, कागद ओलसर होता, पुष्कळजण बराच वेळ टेकून बसल्यासारखा. तिनं तिथं हात लावला नाही.

७

मुरोईबाईंनी त्याच संध्याकाळी ऐकून कागद दिला. ‘शेवटची चौदा पानं : स्वच्छ. घरघर नाही. वाचन उत्तम.’ खाली किणकिणीबद्दल एक ओळ होती, ती त्यांनीच खोडली होती. वाचताना मिझुहोच्या कानात भरलेली घरघर ध्वनिमुद्रणात उरलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिझुहो ओकितांच्या उशाशी बसली. आधीची पानं घरघरीसकट ऐकून झाली होती; ही चौदाही त्यांनी सगळी ऐकली. पंधरा सेकंदही ऐकले.

“किल्ली ताईजवळच होती तर,” ते म्हणाले. मग, “तुम्ही फार शांत वाचलंत. म्हणून ऐकवलं मला.”

“तशी पद्धत आहे.”

“शेवटच्या परिच्छेदाआधी थबकलात. एक श्वास. का?”

खोटं बोलायचं नाही म्हणून ती या गावात आली होती. “दाराशी कुणीतरी होतं.”

“उघडलं नाहीत?”

“चारच ओळी राहिल्या होत्या.”

ओकितांनी मान हलवली, सावकाश, कितीतरी वेळा.

“ताई सेहेचाळीस वर्षं माझ्याजवळ राहिली. किल्लीचं विचारलं की उठून जायची. एकदाच बोलली, आजारात, तापाच्या भरात. ‘पान संपतच आलं होतं रे,’ म्हणाली. मला वाटायचं, कशाचं तरी दुसऱ्याचंच सांगतेय.”

मिझुहोनं इयरफोन गुंडाळले. तिनं रेकॉर्डर दप्तरात ठेवला आणि उठली. उठताना किणकिणलं. उन्हात, परिचारिकेच्या गाडीच्या खडखडाटात, स्वच्छ ऐकू आलं. तिनं कमरेला हात नेला. तिथं काही नव्हतं. एक पाऊल टाकलं, पुन्हा वाजलं.

ओकितांनी चेहरा तिच्या बाजूला वळवला. नऊ वर्षांच्या मुलासारखा झाला होता तो.

“चाललीस, ताई?” ते म्हणाले. “दार उघडं राहू दे हं.”